आण्णांच्या नावाची नळी

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर थोडं चला. वैशाखातली पहाट आहे. आष्ट्याजवळच्या एका काळ्या, मोकळ्या रानात तुम्ही उभे आहात. इथला ऊस कधीच कारखान्याला गेला. आता इथं मेंढरं बसली आहेत. त्यांच्याभोवती वाघर लावली आहे. वाघर म्हणजे काठ्यांना बांधून उभी केलेली दोऱ्यांची जाळी. वास येतोय ना? लोकरीचा, मुताचा, रवंथाचा. येऊ द्या, नाकाला सवय होते. आता वाघर उघडली. मेंढरं एकमेकांना ढकलत बाहेर पडली आणि मागं जमिनीवर लेंड्यांचा सडा राहिला. त्या सड्यातून एक उंच माणूस वाकून, सावकाश चालला आहे. त्याच्या मागोमाग तुमच्याएवढी एक मुलगी आहे.

तो माणूस म्हणजे जोतीराम, आणि मुलगी त्याची लेक क्रांती. ही माणसं आटपाडीकडची, धनगर. तिकडं पाऊस कमी, चारा कमी. म्हणून दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं आणि मृगाच्या आधी परत जायचं. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, कारण मेंढरांच्या खतासारखं खत नाही. क्रांती शाळेसाठी गावाकडं आज्जीजवळ राहायची. उन्हाळ्याची सुट्टी लागली की दोघी तळावर, आईवडिलांकडं यायच्या.

आणि मग रोज सकाळी आण्णांच्या मागं मागं हे चालणं. वडिलांना ती आण्णा म्हणायची. आण्णा एक लेंडी उचलायचे, बोटांनी फोडायचे आणि विचारायचे, "सांग, काय दिसतंय?"

"सुटी हाय. गोल हाय. मेंढी बेस हाय."

"आन ही?"

"चिकाटलीया. पोट बिगडलंय."

"कुनाचं?"

इथं क्रांती अडायची. आण्णा मात्र लेंडी कुठं पडली आहे ते बघून, तिथं रात्री कोण बसलं होतं ते आठवून, कळपातली नेमकी मेंढी दाखवायचे. ती मेंढी मजेत चरत असायची. "आजून तिलाच ठावं न्हाई," आण्णा म्हणायचे. "आजारी पडायच्या आदी बगायचं आसतं, पोरी. पडल्यावर बगून मग नुसतं रडायचं."

आता उघडा डोळे. पुढची गोष्ट उघड्या डोळ्यांनी ऐकायची आहे, कारण तिच्यात भीती आहे.

भीती त्या घरात आधीपासून होती. आण्णांचे थोरले भाऊ मानसिंग, क्रांती त्यांना तात्या म्हणायची. तात्या तालमीतले. मेंढा खांद्यावर टाकून ओढा ओलांडायचे. एका पावसाळ्यात त्यांचं जेवण कमी झालं, मग अंगावरचा सदरा सैल झाला, मग दवाखाना झाला. तिथं कळलं की मोठ्या आतड्याला कॅन्सर आहे आणि तो पोटात सगळीकडं पसरला आहे. पुढचा पावसाळा तात्यांनी बघितला नाही. त्यांच्या मागं घरात कुणी तो शब्द उच्चारला नाही. साळूबाई, म्हणजे क्रांतीची आज्जी, त्याला 'त्यो रोग' म्हणायची, आणि तेवढं बोलूनही तोंडावर पदर धरायची. नाव घेतलं की येतो, असं तिला वाटायचं. हळूहळू तात्यांचं नावसुद्धा घरात कुणी घेईनासं झालं.

त्या वर्षी मेंढरं बसली होती ती आप्पासोंच्या रानात. आप्पासो फौजेतून सुभेदार होऊन आलेले. शेतीसुद्धा परेडसारखी करायचे. एका सकाळी ते बांधावर आले आणि म्हणाले, "जोतीराम, उद्या धा वाजता आष्ट्याच्या शाळेत यायचं. सांगलीच्या दवाखान्याचं शिबीर हाय. पंचेचाळीशीच्या पुढं असणाऱ्या सगळ्यांची तपासणी."

"कसली तपासनी?"

"पोटातली. आतड्याची."

आण्णांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आवं आप्पासो, माजं पोट म्हंजे दगड. काय बी हुत न्हाई मला."

"फौजेत दर साल मेडिकल असायचं. तुला काय होतंय का, असं कुणी इचारायचं न्हाई. तारीख आली की लाइनीत उभं. मेंढरं राखतोस गड्या, तुला कोण राखणार? ये गुमान. न्हाईतर माझ्या रानातनं वाघर उचल."

आप्पासोंनी हे हसत म्हटलं, पण आण्णा हसले नाहीत. ते क्रांतीच्या लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी आण्णा गेले, आणि त्यांच्याबरोबर क्रांतीही. शाळेच्या व्हरांड्यात बाकांवर बरीच माणसं बसली होती, आणि समोर उत्कर्षा नावाची तरुण नर्स उभी होती. तिनं सांगितलेलं क्रांतीनं एखाद्या धड्यासारखं ऐकलं.

"मोठ्या आतड्याच्या आतून कधीकधी बारीक कोंब येतो. त्याला पॉलिप म्हणतात. तो दुखत नाही, खुपत नाही. वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्यातला एखादा मात्र हळूहळू बिघडत जातो आणि त्याचाच कॅन्सर होतो. मधल्या काळात त्यातून थोडं थोडं रक्त गळू शकतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण तपासणीत कळतं. तेव्हाच कोंब काढून टाकला तर पुढचं टळतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, मला काय बी हुत न्हाई. मी जाऊ का घरला?"

"काही होत नाही ना? मग तुम्ही पहिल्या नंबरला या," उत्कर्षा म्हणाली. "ज्यांना त्रास होतोय त्यांनी थेट डॉक्टरांकडं जायचं. ही तपासणी ज्यांना काही होत नाही त्यांच्यासाठीच आहे. आणि एकदा करून संपत नाही. ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा करायची."

आण्णांचा नंबर आला. उत्कर्षानं नाव विचारलं, वय विचारलं, मग विचारलं, "घरात आईवडील, भावंडं, कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का?"

क्रांतीनं आण्णांकडं पाहिलं. आण्णा भिंतीवरच्या पाढ्यांकडं बघत होते.

"न्हाई," ते म्हणाले. "कुनाला न्हाई."

क्रांतीला तात्या आठवले. पण मोठ्यांचं बोलणं खोडायचं नसतं, हे तिला शिकवलेलं होतं. उत्कर्षानं आण्णांच्या हातात बोटाएवढी नळी दिली. नळीवर त्यांचं नाव चिकटवलं होतं. झाकणाला आतून एक बारीक काडी होती. सकाळी ती शौचाला टोचायची, परत नळीत घालून झाकण लावायचं, आणि नळी आणून द्यायची. एवढंच काम.

पहाटे आण्णा नळी घेऊन शेजारच्या रानातल्या उसाच्या कडेला गेले आणि लगेच परत आले. वाघरेजवळ थांबले. क्रांती तिथंच होती. तिच्या डोळ्यांदेखत त्यांनी झाकण काढलं, एका ताज्या लेंडीला काडी टोचली, नळीत घातली आणि झाकण फिरवलं.

"आण्णा?"

"आगं, त्या लेकीएवढ्या पोरीच्या हातात आपली घान कशी द्यायची?" आण्णा डोळा मिचकावून म्हणाले. "ही घिऊन जाऊ दे. मेंढीला काय झालं आसंल तर कळंल तरी."

क्रांतीला हसू आलं. मेंढीची लेंडी सांगलीला जाणार, पांढऱ्या कोटातली माणसं ती तपासणार. आण्णाही हसले. मग एकदम हसायचे थांबले.

"कुनाला बोलायचं न्हाई. बिरोबाची आन घे."

बिरोबा हा त्यांचा देव. त्याची शपथ उगीच कुणी घेत नाही. क्रांतीनं जमिनीला हात लावला, मग कपाळाला लावला, आणि शपथ घेतली. तेव्हा ती अजून हसतच होती.

काही दिवसांनी आण्णांच्या फोनवर रिपोर्ट आला. तो इंग्रजीत होता, म्हणून आप्पासोंनी बांधावर उभं राहून वाचला. "निगेटिव्ह. म्हणजे रक्त सापडलं न्हाई. जोतीराम, फिट फॉर ड्यूटी."

"म्या म्हनलं न्हवतं? दगड हाय दगड," आण्णा म्हणाले. आज्जीनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि चुलीपुढं बसून डोळे पुसले. आईनं त्या दिवशी गुळाचा शिरा केला. सगळे खात होते. क्रांतीनं मात्र आपली ताटली बाजूला सरकवली.

बघा, आण्णांनी तपासणी केलीच नसती, तर निदान एक शंका तरी घरात राहिली असती. कुणीतरी पुन्हा म्हणालं असतं, एकदा दाखवून या. आता ते दारही बंद झालं होतं. मेंढीचा रिपोर्ट आण्णांच्या नावावर लागला होता. आण्णा ठीक आहेत असं सगळ्या जगाला वाटत होतं. ते खरंच ठीक आहेत का हे कुणालाच माहीत नाही, हे फक्त क्रांतीला माहीत होतं.

त्या दिवसापासून ती आण्णांना बघायला लागली. त्यांनी भाकरी अर्धी ठेवली की ती उरलेला तुकडा बघत बसायची. दुसऱ्या दिवशी जास्त खाल्ली तरी ती म्हणायची, तात्यापण मधी मधी लय खायचे. आण्णांनी पाण्याची घागर उचलून पोटावर हात फिरवला, की ती हातातलं काम टाकून उभी राहायची. त्यांचा सदरा वाळत घालताना तिनं तो स्वतःच्या अंगाला लावून मापला. काल होता तेवढाच होता. पण काल तिनं मापला कुठं होता?

मग तिनं एक गोष्ट केली, जी धनगराच्याच पोरीला सुचेल. सकाळी आण्णा उसाकडून परत आले, आणि ती गुपचूप तिकडं गेली. हसू नका. तिला जे शिकवलं होतं तेच ती करत होती. तिनं काडी घेतली, वाकून नीट बघितलं. काही वेगळं नव्हतं. रंग ठीक, सगळं ठीक. तिला एवढं हलकं वाटलं की ती धावतच निघाली. निम्म्या वाटेत तिचे पाय थांबले. डोळ्यांना दिसत नाही. उत्कर्षा तेच तर म्हणाली होती. मेंढीचं कळतं तसं हे कळणारं नव्हतं. आण्णांनी शिकवलेली सगळी विद्या इथं कमी पडत होती, आणि जी नळी कमी पडली नसती ती आण्णांनी वाया घालवली होती.

दुपारी आज्जी बाभळीच्या सावलीत लोकर विंचरत बसली होती. क्रांती तिच्याजवळ टेकली.

"आज्जी, बिरोबाची आन मोडली तर काय हुतं?"

साळूबाईचा हात थांबला. "कुनी मोडली?"

"कुनी न्हाई. इचारलं."

"ज्यानं घालाय लावली, त्याच्यावर येतं," आज्जी म्हणाली. "म्हनून आन घालायची बी न्हाई, मोडायची बी न्हाई. कळलं?"

स्वतःवर येईल असं आज्जी म्हणाली असती, तर क्रांतीनं तेव्हाच मोडली असती. पण ते आण्णांवर येणार होतं.

तो सगळा दिवस ती कोकरांमागं फिरत राहिली आणि तीच तीच गोष्ट मनात उलटीपालटी करत राहिली. बोलले तर देव आण्णांना धरेल. नाही बोलले तर तो रोग धरेल, तात्यांना धरलं तसं. दोन्हीकडून आण्णाच. मग फिरून फिरून ती एका जागी आली. देवानं धरलं तर देवाच्या पाया पडता येतं. आज्जी पडेल, आई पडेल, आण्णा स्वतः पडतील. बिरोबा ऐकतो, असं सगळेच म्हणतात. पोटातला कोंब कुणाचं ऐकणार?

दुसऱ्या दिवशी आण्णा मेंढरं पाण्यावर घेऊन गेले. फोन पालात, म्हणजे राहायच्या तंबूत, चार्जिंगला होता. रिपोर्टच्या खाली दवाखान्याचा नंबर होता. क्रांतीनं तो लावला. फोन तिनं दोन्ही हातांनी धरला. कुणीतरी उचलला, कुणाला तरी दिला, आणि शेवटी उत्कर्षाचा आवाज आला. क्रांतीनं एका दमात सांगून टाकलं. नळीत काय होतं, कुणी भरलं, सगळं.

क्रांतीला वाटलं, आता ओरडणार.

"बरं झालं सांगितलंस," उत्कर्षा म्हणाली. "नळी काय, दुसरी देता येईल. आणखी काही आहे का, जे आण्णांनी सांगितलं नाही?"

हा प्रश्न येईल असं क्रांतीनं धरलं नव्हतं. ती नळीचीच भीती घेऊन बसली होती. तिला वाटत होतं, सांगायचं ते तेवढंच. आता तिच्या ओठांवर तात्यांचं नाव आलं, आणि आज्जीचा तोंडावर धरलेला पदर डोळ्यांपुढं आला.

"माझे तात्या," ती म्हणाली. "आण्णांचे सख्खे भाऊ. त्यांना आतड्याचा कॅन्सर झाला होता. ते वारले."

"वय काय होतं त्यांचं?"

"आण्णांपेक्षा थोडे मोठे."

उत्कर्षाचा आवाज बदलला. ती घाबरलेली नव्हती, पण सावध झाली होती. "क्रांती, नीट ऐक. सख्ख्या भावाला झालेलं असलं की नळीवर थांबायचं नाही. आण्णांची थेट दुर्बिणीनं तपासणी करायला हवी. डॉक्टर बारीक कॅमेऱ्यानं आतडं आतून बघतात. कोंब दिसला तर बहुतेक वेळा तिथंच काढतात. हे मी आण्णांना सांगू, का तू सांगशील?"

"मी सांगते," क्रांती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला कळलं की आपण काय कबूल केलं.

सांगायची वेळ तिनं हुशारीनं निवडली. संध्याकाळी आण्णा एक दांडगा मेंढा गुडघ्यांत धरून त्याचे वाढलेले खूर सुरीनं साळत होते. असा मेंढा सोडून माणसाला उठता येत नाही. आज्जी शेजारीच बसली होती. क्रांती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आण्णा, म्या दवाखान्यात फोन केला. नळीचं सांगितलं."

सुरी चालत राहिली. खुराचा एक कपचा उडून पडला. मग सुरी थांबली.

"आन घेतली हुतीस."

"घेतली हुती."

"मग?"

"मोडली."

आण्णा खाली मान घालून खुराकडं बघत होते. "नळी कसली?" आज्जीनं विचारलं. क्रांतीनं तेही सांगितलं. आणि मग, थांबता येईना म्हणून, शाळेच्या व्हरांड्यातला प्रश्न सांगितला आणि आण्णांनी दिलेलं उत्तरही.

साळूबाई उठली. ती म्हातारी कधी चढ्या आवाजात बोलत नसे, आत्ताही बोलली नाही. "कुनाला न्हाई म्हनलास?"

"आये, आगं…"

"माज्या पोटचा ग्येला. पाठीखांद्यावर वागवलं त्यानं तुला. आन तू म्हनलास कुनाला न्हाई? मानसिंग कुनीच नव्हता व्हय रं आपला?"

कितीतरी दिवसांनी ते नाव त्या तळावर ऐकू आलं. मेंढा धडपडला आणि आण्णांच्या गुडघ्यांतून सुटून गेला. त्यांनी त्याला धरलं नाही. ते तसेच मातीत बसून राहिले.

"भ्या वाटलं, आये," ते म्हणाले. "लाज न्हाई, घान न्हाई. भ्या वाटलं. दादाचंच माज्यात घावलं तर? ही एवढीशी हाय. मेंढरं कोन बगंल? म्हनलं, बगायचंच न्हाई. न्हाई बगितलं तर न्हाई."

क्रांतीनं आण्णांना आजवर लांडग्यामागं धावताना बघितलं होतं. ते घाबरतात हे तिला ठाऊकच नव्हतं. आपल्याआधीपासून, आपल्यापेक्षा जास्त ते घाबरलेले आहेत हे कळलं, आणि तिची भीती कमी झाली नाही, वाढली. ती जाऊन त्यांच्याजवळ मातीत बसली. आण्णांनी तिला दूर केलं नाही, जवळही घेतलं नाही.

"कवा जायचं म्हनतीया ती बाई?" शेवटी त्यांनी विचारलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी आतडं रिकामं करायचं असतं. त्यासाठी पाण्यात कालवून पावडर प्यायची, आणि मग पळायचं. तळावर कुठं पळणार? आप्पासोंनी आपल्या घरचा संडास मोकळा करून दिला आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. "फौजेत बी अशी सेन्ट्री ड्यूटी कुणी केली नसंल," ते म्हणाले. आण्णा आतून म्हणाले, "आप्पासो, तुमी लांब बसा, मला हुत न्हाई." तेवढ्यापुरते सगळे हसले. पण पावडरीच्या पाण्याचा तांब्या पुन्हा भरताना आईकडून पाणी जमिनीवर सांडत होतं.

सकाळी आप्पासोंच्या गाडीतून सांगली गाठली. आई मेंढरांपाशी थांबली, आज्जी देवापाशी. क्रांती हट्टानं आली. दवाखान्यात आण्णांनी मुंडासं काढून तिच्या मांडीवर ठेवलं. त्यांना हिरवा झगा घातला होता, आणि त्यात ते कुणीतरी दुसरेच वाटत होते. दारापाशी ते थांबले, मागं वळले. क्रांतीला वाटलं, आता ते पळतील. उत्कर्षानं त्यांच्या दंडाला हात लावला आणि दार बंद झालं.

बाकावर आप्पासो वर्तमानपत्र धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते. क्रांती दाराकडं बघत होती. आत आण्णांचं आतडं पडद्यावर दिसत असेल. आत्ता कुणीतरी ते बघतंय. आत्ता कदाचित दिसलं असेल. तिनं मुंडाशाचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. मी आण मोडली म्हणून सापडलं तर? न मोडता सापडलं नसतं का? दार उघडायचं, कुणीतरी ट्रे घेऊन बाहेर यायचं, आणि दर वेळी ती उठून उभी राहायची.

शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. त्या आप्पासोंकडं वळल्या, पण क्रांती आधीच उभी राहिली होती, तेव्हा त्या तिच्याशीही बोलल्या.

"कोंब होते. एक लहान, एक बराच मोठा. दोन्ही काढलेत. मोठा तपासायला पाठवतोय. रिपोर्ट आल्याशिवाय मी शब्द देणार नाही. पण आणखी काही वर्षं तो तसाच राहिला असता तर काय झालं असतं, ते तुमच्या घरानं बघितलेलंच आहे."

क्रांतीला सुटल्यासारखं वाटलं नाही. तो मोठा कोंब आता कुठल्यातरी बाटलीत होता आणि त्याचं अजून कुणी काही सांगत नव्हतं. पण तो आण्णांच्या पोटात नव्हता. तेवढं तिनं धरून ठेवलं.

आण्णा खाटेवर पडून होते. अजून गुंगीत होते, जीभ जड होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भावंडं किती तुम्ही?"

"तिगं. दादा, म्या… आन रंगू. भन हाय. म्हसवडला दिलीया. साताऱ्याकडं."

"वय?"

"माज्याहून बारकी. वरसा-दोन वरसानं."

"त्यांनाही हीच तपासणी करावी लागेल. त्रास नसला तरी. लवकर."

आण्णांनी डोळे मिटून घेतले. "रंगूला कसं सांगायचं?" ते पुटपुटले. "लय भित्री हाय ती. दादाच्या येळंला बेसुद पडली हुती. सांगू सावकाश. गावाकडं ग्येल्यावर. आता नगं."

क्रांतीनं आप्पासोंकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. तिनं उत्कर्षाकडं पाहिलं, आणि तिलाही काही विचारलं नाही. तिनं आण्णांचा फोन उचलला आणि बाहेर व्हरांड्यात आली. तिनं आत्तीचा नंबर लावला.

फोन उचलला गेला. आधी मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या, मग रंगूआत्तीचा आवाज. "कोन, क्रांती व्हय गं? तुजा आण्णा बरा हाय न्हवं?"

"आत्ती, खाली बस," क्रांती म्हणाली. "मी सांगते ते समदं ऐक, मधी फोन ठेवू नगंस. मानसिंगतात्यांना आतड्याचा कॅन्सर झाला हुता. आज आण्णांच्या आतड्यात कोंब सापडलेत. आता तुला बी तपासायला यायला लागतंय."

पलीकडून फक्त घंटा ऐकू येत होत्या, एक जवळ, बाकीच्या लांब. क्रांती फोन कानाला लावून उभी राहिली. मग तिनं घसा साफ केला आणि आत्तीला पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.